पोटातील मुकी व्याधी

कुटुंबाचे आरोग्य

दोन वर्षांपूर्वीच्या आगमनकाळात आम्हांस हैदराबादच्या बेगम बाजारात जाण्याचा प्रसंग आला. नाताळच्या गोठ्यासाठी कागदी तारे, वेदीसाठी पितळेच्या दोन समया आणि मुलांच्या खाऊसाठी थोडा सुका मेवा घ्यावयाचा होता. आणि घाऊक भावाने हे सारे एके ठिकाणी मिळावयाचे तर बेगम बाजारासारखी दुसरी जागा नाही. निजामाच्या घराण्यातील एका बेगमेने व्यापाऱ्यांना ही जागा दिली म्हणून तिला हे नाव पडले, असे सांगतात. नांदेड, परभणी, लातूर, बिदर या भागांतील मंडळी लग्नाची भांडी घेण्यासाठी आजही येथवर येतात. आमच्यासमवेत रुग्णसेवेत आयुष्य घालविलेल्या एक धर्मभगिनी होत्या.

भांड्यांच्या एका दुकानाच्या पायरीवर एक पन्नाशी उलटलेली बाई बसली होती. आत तिचा पती, मुलगी आणि भाऊ हंडे-कळश्या वाजवून पाहत होते. ही मात्र पोटावर हात ठेवून गप्प होती. गळ्यातील जपमाळ पाहून सिस्टरांनी सहज विचारपूस केली. मंडळी मराठवाड्यातील, आपल्याच श्रद्धेची निघाली. मुलीचे लग्न जानेवारीत ठरले होते.

“बाई, बरं नाही का?” सिस्टरांनी विचारले.

“काही नाही, सिस्टर. गॅस हाये. प्वाट गच्च झाल्यावानी वाटतंय. दोन घास खाल्ले की भरून येतं.”

“किती दिवस?”

“झाले की सात-आठ महिने. अंग वाळत चाललंय, पण परकराची नाडी पुरंना.”

लघवीला वरचेवर जावे लागते काय, ओटीपोटात दुखते काय, पाळी जाऊन किती वर्षे झाली, घराण्यात कोणाला स्तनाची वा पोटाची गाठ झाली होती काय, असे आणखी चार प्रश्न सिस्टरांनी हलक्या आवाजात विचारले. शेवटच्या प्रश्नावर ती बाई थबकली. तिची थोरली बहीण स्तनाच्या कर्करोगाने गेली होती. गावाकडे पोटासाठी चूर्णे झाली, गोळ्या झाल्या; पोटावर हात ठेवून तपासले मात्र कोणीच नव्हते. आणि पतीला तिने काही सांगितलेच नव्हते. “लग्न होऊ द्या, मग बघू,” असे ती म्हणाली.

सिस्टरांनी ते “मग” मानले नाही. भांडी दुकानातच ठेवून त्या तिला घेऊन निघाल्या. पुढे काय झाले ते शेवटी सांगू. त्या भगिनीच्या अनुमतीनेच, तिचे नाव व गाव वगळून, आम्ही हे लिहीत आहोत. तिची एकच इच्छा होती, “माझ्यासारखं कुणी आठ महिने गप बसू नये.” म्हणून या आठवड्याचे हे सदर आम्ही अंडाशयाच्या कर्करोगास वाहिले आहे. आमच्या वाचकभगिनींनी ते वाचावेच. परंतु बंधूंनी व थोरल्या मुलांनीही वाचावे, कारण पुष्कळ घरांत स्त्रीने दवाखान्यात केव्हा जावयाचे हे अजूनही तेच ठरवितात.

हा रोग कोठे होतो?

गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंस एकेक लहानसा अवयव असतो. त्यास अंडाशय अथवा बीजांडकोश म्हणतात. बेगम बाजारातील मेव्याच्या दुकानात कवचासह बदाम मिळतो ना, साधारण तेवढाच त्याचा आकार. आणि पाळी गेल्यानंतर तो आणखी आक्रसतो. स्त्रीबीज तयार करणे आणि स्त्रीत्वाची संप्रेरके रक्तात सोडणे ही त्याची कामे. गर्भाशयापासून निघालेली एकेक नलिका झालरीसारख्या टोकाने अंडाशयाजवळ येऊन पोहोचते आणि तेथून बीज उचलून नेते.

बदामाएवढा हा अवयव ओटीपोटात खोल दडलेला असतो. स्तनातील गाठ हाताला लागते, तोंडातील व्रण डोळ्यांना दिसतो. अंडाशयातील गाठीला मात्र वाढावयास मोकळी जागा असते आणि ती बरेच दिवस कोणालाही न कळता वाढते. अलीकडील संशोधनाने आणखी एक गोष्ट उघड केली आहे. ज्याला आपण अंडाशयाचा कर्करोग म्हणतो, त्याच्या सर्वांत अधिक आढळणाऱ्या प्रकाराचा उगम पुष्कळदा त्या नलिकेच्या झालरीत होतो व तेथून त्याच्या पेशी अंडाशयावर आणि पोटाच्या अस्तरावर पसरतात. गाठ लहान असतानाच रोग पोटभर पसरलेला का आढळतो, याचे उत्तर यात आहे.

आपल्या देशात स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत स्तन व गर्भाशयमुख यांच्या खालोखाल अंडाशयाच्या कर्करोगाचा क्रम लागतो. जागतिक कर्करोग-गणनेच्या २०२२ सालच्या अंदाजानुसार त्या एका वर्षात भारतात सुमारे ४७ हजार स्त्रियांना हा रोग नव्याने झाला आणि सुमारे ३३ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. बहुतेक रुग्ण पन्नाशीच्या पुढच्या असतात. तथापि या रोगाचे काही विरळ प्रकार शाळकरी मुलींनाही होतात. ते औषधांना उत्तम दाद देतात व त्या मुली पुढे आई होऊ शकतात. मुलीच्या पोटात गाठ आहे म्हणून तिचे लग्न मोडणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

कोणाला धोका अधिक?

प्रथमच सांगतो, हा रोग संसर्गजन्य नाही. रुग्णाचे ताट-पेला वेगळे ठेवणे हे अज्ञान आहे, आणि तिच्या दुःखात ती आपण घातलेली भर आहे. तो करणी-धरणीनेही होत नाही व पापाची शिक्षा म्हणूनही येत नाही. जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनी पाप कोणाचे असे विचारले, तेव्हा प्रभूने काय उत्तर दिले हे आपण शुभवर्तमानात ऐकले आहे.

वय हे पहिले कारण. दुसरे, घराण्यातील वारसा. दर पाच-सहा रुग्णांमागे साधारणतः एकीत आईकडून वा पित्याकडून आलेला जनुकातील दोष आढळतो. बीआरसीए-एक व बीआरसीए-दोन अशी त्यांतील दोन प्रमुख जनुकांची नावे आहेत. पहिल्यात दोष असलेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे ४० जणींना, क्वचित त्याहूनही अधिक जणींना, आयुष्यात केव्हा तरी अंडाशयाचा कर्करोग होतो. दुसऱ्यात दोष असल्यास सुमारे १५ ते २० जणींना होतो. याच दोषामुळे स्तनाचाही कर्करोग होतो. म्हणून एका बहिणीला स्तनाचा व दुसरीला अंडाशयाचा, असे एकाच घरात घडते. हा दोष पुरुषांतही असू शकतो आणि पित्याकडून मुलीकडे जातो. तेव्हा आत्यांची व आजीची चौकशीही मावशीइतकीच महत्त्वाची. आतड्याच्या व गर्भाशयाच्या कर्करोगाचा एक आनुवंशिक प्रकार आहे, त्याही घराण्यात हा धोका वाढतो.

येथे एका मराठी विदुषीचे स्मरण करणे उचित होईल. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात आयुष्य वेचले. स्तनाचा कर्करोग व आनुवंशिकता यांचा संबंध असावा, हा विचार आरंभी मांडणाऱ्यांत त्यांची गणना होते. पुढे १९९० साली अमेरिकेत मेरी-क्लेअर किंग यांनी त्या जनुकाचा ठावठिकाणा शोधला, आणि आज रक्ताच्या वा लाळेच्या थेंबातून तो दोष पाहता येतो.

तिसरे कारण म्हणजे मूल न होणे. प्रत्येक गर्भारपण व अंगावर पाजण्याचा प्रत्येक महिना अंडाशयास विसावा देतो आणि धोका काही अंशी कमी करतो. पाळी लवकर येणे व उशिरा जाणे, गर्भाशयाचे अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा विकार, अतिलठ्ठपणा आणि पाळी गेल्यानंतर दीर्घकाळ घेतलेली संप्रेरके यांचाही थोडाबहुत वाटा आहे.

यावरून आमच्या धर्मभगिनींचा विचार मनात येतो. ज्यांनी प्रभूसाठी व दीनांसाठी स्वतःचा संसार सोडला, त्यांना स्तन, अंडाशय व गर्भाशय यांचे कर्करोग इतर स्त्रियांपेक्षा अधिक प्रमाणात होतात, याकडे ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१२ साली लक्ष वेधले. इटलीचे वैद्य रामाझिनी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभीच मठवासिनींतील स्तनाच्या कर्करोगाची नोंद केली होती. आमच्या गावच्या सिस्टर आजाऱ्यांच्या घरी रात्री-अपरात्री धावून जातात. त्यांच्या स्वतःच्या तपासणीची आठवण त्यांना कोण करून देतो? धर्मग्रामातील महिला मंडळाने हे काम आनंदाने अंगावर घ्यावे.

आणखी एक लहानशी सूचना. अंगाला लावण्याची पावडर गुप्तांगावर लावण्याची सवय पुष्कळ घरांत आहे. पावडर ज्या खनिजाची करतात, त्या टाल्कला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०२४ साली “बहुधा कर्करोगकारक” या वर्गात घातले. संबंध अद्याप निर्विवाद सिद्ध झालेला नाही. परंतु ही सवय सोडण्यास पैसा पडत नाही, तेव्हा मुलींना ती लावूच नये.

चार खुणा ओळखा

या रोगाला पूर्वी ‘मूक मारेकरी’ म्हणत. तो अगदी मुका नाही; त्याचा आवाज बारीक आहे, एवढेच. त्याच्या चार खुणा पाठ कराव्यात. पहिली, पोट फुगणे अथवा घेर वाढणे. दुसरी, ओटीपोटात वा पोटात दुखणे. तिसरी, थोडे खाताच पोट भरणे. चौथी, लघवीची घाई वा वारंवारता.

यांतील एकेक तक्रार कोणालाही केव्हा तरी होते. हरभऱ्याची उसळ खाल्ली तरी पोट फुगतेच! परंतु जी तक्रार नवी आहे, जी महिन्यातून बारापेक्षा अधिक दिवस होते आणि जी औषधाने जात नाही, ती गॅस म्हणून सोडून देऊ नये. पन्नाशी उलटलेल्या स्त्रीस प्रथमच सुरू झालेली पोटाची तक्रार तर कधीच क्षुल्लक मानू नये. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसणे, कारणाविना वजन घटणे, थकवा, शौचाच्या सवयीत बदल, यांकडेही लक्ष द्यावे. अंग वाळत असता पोट मोठे होत असेल तर पोटात पाणी साठत असण्याचा संभव असतो; यालाच आपले लोक जलोदर म्हणतात.

खुणा दिसल्यावर डॉक्टरांना असे स्पष्ट सांगावे, “ही तक्रार अमुक दिवसांपासून आहे, अंडाशयाची तपासणी करावी काय?” असे विचारण्यात लाज नाही व उद्धटपणाही नाही.

निदान कसे करतात?

प्रथम डॉक्टर पोट व योनीमार्ग हाताने तपासतात. पुष्कळ भगिनी येथेच मागे सरतात. स्त्री-डॉक्टरची मागणी करता येते, सोबत आपली बाई ठेवता येते. परंतु ही तपासणी टाळू नये. नंतर सोनोग्राफी होते. त्यात गाठ आहे काय, ती साध्या द्रवाची की घन भाग असलेली, पोटात पाणी आहे काय, हे दिसते. येथे एक दिलासाही देणे अवश्य आहे. तरुण स्त्रियांच्या अंडाशयावर आढळणाऱ्या बहुसंख्य पाण्याच्या गाठी निरुपद्रवी असतात आणि कित्येक आपोआप जिरतात. सोनोग्राफीच्या कागदावर ‘सिस्ट’ हा शब्द दिसताच रडारड करू नये.

तिसरी तपासणी रक्ताची. सीए-१२५ नावाचे एक द्रव्य या रोगात वाढते. त्याचे प्रमाण सामान्यतः ३५ च्या आत असते. तथापि ही कसोटी दोन्ही बाजूंनी फसवी आहे. रोगाच्या आरंभी ते कित्येकदा वाढलेले नसते. उलट पाळी, गर्भारपण, गर्भाशयाचे काही साधे विकार आणि विशेषतः पोटाचा क्षय यांत ते वाढते. आपल्या देशात हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. पोटाच्या क्षयातही जलोदर होतो, वजन घटते आणि रक्तातील हे द्रव्य वाढते. म्हणून केवळ आकड्यावरून कर्करोग ठरवू नये. तसेच पुरावा न पाहता क्षयाची औषधे महिनोन्महिने घेत बसू नये. पोटातील पाण्याची वा गाठीच्या तुकड्याची सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षा हाच अखेरचा शब्द. रोग किती पसरला हे पाहण्यासाठी सीटी स्कॅन करतात. तरुण मुलींत एएफपी, एचसीजी व एलडीएच अशी रक्तातील वेगळी द्रव्ये पाहतात.

अंडाशयापुरत्याच मर्यादित दिसणाऱ्या संशयित गाठीत बाहेरून सुई खुपसून पाणी काढण्याचा आग्रह मात्र धरू नये. गाठ फुटली तर तिच्या पेशी पोटात सांडण्याचे भय असते. अशी गाठ अखंड काढून मग तपासणे, हीच योग्य रीत.

कोणी विचारतील, मग काहीच त्रास नसताना दरवर्षी ही तपासणी का करून घेऊ नये? इंग्लंडात दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर हा प्रयोग झाला. अनेक वर्षे रक्त व सोनोग्राफी तपासल्यावर २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा की अशा सरसकट तपासणीने मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून निरोगी स्त्रीने त्यासाठी पैसा खर्चू नये. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची गोष्ट वेगळी आहे. तेथे चाचणी आहे, लसही आहे, आणि दोन्ही घ्याव्यात. पण ती चाचणी केली म्हणजे अंडाशयही तपासला गेला, असा समज कोणी करून घेऊ नये.

उपचार आणि त्याचा काळ

रोगाचे चार टप्पे मानतात. पहिल्यात तो अंडाशयात वा नलिकेत असतो, दुसऱ्यात ओटीपोटात, तिसऱ्यात पोटाच्या अस्तरावर वा तेथील लसिकाग्रंथींत, आणि चौथ्यात फुप्फुसाभोवतालचे पाणी, यकृताचा अंतर्भाग अशा दूरच्या ठिकाणी. पहिल्या टप्प्यात उपचार झाल्यास शंभरांपैकी नव्वदच्या आसपास स्त्रिया पाच वर्षांनंतरही जगतात. दुर्दैव असे की सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात येतात आणि मग हे प्रमाण बरेच खाली जाते. वेळेचे मोल यापेक्षा अधिक स्पष्ट कसे सांगावे?

उपचाराचे दोन मुख्य आधार आहेत, शस्त्रक्रिया व औषधे. शस्त्रक्रियेत दोन्ही अंडाशय, नलिका, गर्भाशय, आतड्यांवरील चरबीचा पडदा आणि जेथे जेथे रोग दिसतो ते ते सारे काढतात. डोळ्यांना दिसणारा रोग मागे उरू नये, हा हेतू. हे काम या शस्त्रक्रियेचा विशेष अभ्यास केलेल्या शल्यवैद्याकडेच सोपवावे. ज्या तरुण स्त्रीचा रोग एकाच बाजूस व आरंभीचा आहे, तिचे गर्भाशय व दुसरे अंडाशय कित्येकदा राखता येते. तिने तसे आधीच बोलावे.

औषधे बहुधा दोन दिली जातात. एक कार्बोप्लॅटिन, जे प्लॅटिनम धातूपासून होते. दुसरे पॅक्लिटॅक्सेल, जे मुळात अमेरिकेतील एका सूचिपर्णी वृक्षाच्या सालीत सापडले. दर तीन आठवड्यांनी एक, असे साधारण सहा डोस शिरेतून देतात. रोग फार पसरला असेल तर आधी तीन डोस, मग शस्त्रक्रिया, मग उरलेले तीन. केस गळतात, पण परत येतात. हातापायांना मुंग्या येतात, मळमळते, रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात. या काळात ताप आला तर सकाळची वाट न पाहता त्याच घटकेस रुग्णालय गाठावे. ज्यांच्यात बीआरसीए दोष असतो त्यांच्यासाठी ओलापारिबसारख्या नव्या गोळ्या निघाल्या आहेत आणि त्यांनी कित्येकींचे निरोगी दिवस लांबविले आहेत. म्हणून रोग ठरल्यावर रुग्णाची जनुक-तपासणी करण्याविषयी विचारावे. तिच्या बहिणी-मुलींनाही त्याचा उपयोग होतो. दोष आढळलेल्या स्त्रीस, मुलेबाळे झाल्यावर, पस्तिशी ते पंचेचाळिशीच्या दरम्यान नलिका व अंडाशय काढून टाकण्याचा सल्ला डॉक्टर देतात. त्याने धोका पुष्कळच घटतो.

कोठे जावे? हैदराबादेत रेड हिल्स भागात, बेगम बाजारापासून फार दूर नाही अशा ठिकाणी, मेहदी नवाज जंग यांच्या नावाचे सरकारी कर्करोग रुग्णालय १९५५ पासून उभे आहे. मुंबईत परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून आहे. छत्रपती संभाजीनगरात शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, बार्शीस नर्गिस दत्त यांच्या नावाचे रुग्णालय आहे. खर्चाची धास्ती घेऊन घरी बसू नये. शासनाच्या आरोग्य योजनांतून या उपचारास साहाय्य मिळते. शिधापत्रिका व आधारपत्र घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्रास आधी भेटावे, मग शेत गहाण टाकण्याचा विचार करावा.

सदसद्विवेकाचा प्रश्न

त्या भगिनीने शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी सिस्टरांना भीत भीत विचारले होते, “पिशवी काढली तर पाप लागंल का हो?” हा प्रश्न पुष्कळांच्या मनात असतो, म्हणून उघड उत्तर देतो. नाही, लागत नाही. पोप बारावे पायस यांनी ८ ऑक्टोबर १९५३ रोजी इटलीतील मूत्रविकारतज्ज्ञांपुढे केलेल्या भाषणात हे तत्त्व मांडले की, एखादा अवयव राखल्याने संपूर्ण देहास गंभीर अपाय होत असेल तर तो, स्वतः निरोगी असला तरीही, काढणे योग्य ठरू शकते. कारण अवयव देहासाठी आहे. पोप सहावे पॉल यांच्या १९६८ सालच्या परिपत्रकातही, रोगावरील आवश्यक उपचारामुळे अपत्यप्राप्तीस बाधा येत असली तरी, ती बाधा हाच हेतू नसेल तर तो उपचार ख्रिस्तसभा निषिद्ध मानीत नाही, असे स्पष्ट केले आहे. पाळी नियमनाच्या गोळ्यांनी या रोगाचा धोका कमी होतो, हे वैद्यकीय सत्य आहे. त्यांचे अपायही आहेत. तेव्हा त्या आपल्या मनाने घेऊ नयेत. ज्यांच्या घराण्यात धोका आहे त्यांनी डॉक्टरांशी आणि आपल्या धर्मगुरूंशी मोकळेपणाने बोलावे.

दुसरी गोष्ट रुग्णाभ्यंगाची. हा संस्कार केवळ अखेरच्या घटकेसाठी नाही. गंभीर आजाराच्या आरंभी, मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी, फादरांना बोलवावे. त्याने मृत्यू जवळ येत नाही. मनाला बळ येते. कर्करोगग्रस्तांचे आश्रयदाते संत पेरेग्रीन यांची प्रार्थना अवश्य करावी, पण प्रार्थनेच्या नावाखाली औषध थांबवू नये. गुंटूर येथे सेवा करणाऱ्या सिस्टर मेरी ग्लोरी या स्वतः डॉक्टर होत्या; १९४३ साली त्यांनी भारतातील कॅथलिक रुग्णालयांची संघटना उभारली, आणि १९५७ साली त्या स्वतःच कर्करोगाने निवर्तल्या. प्रार्थना व औषध यांत त्यांना कधी विरोध दिसला नाही.

पुढे काय झाले?

त्या दिवशी सिस्टरांनी तिला जवळच्या सरकारी रुग्णालयात नेले. सोनोग्राफीत पाणी व गाठ दिसली; आठवड्याभरात निदान झाले. रोग तिसऱ्या टप्प्यात होता. पतीला सांगण्याचे काम सिस्टरांनी केले. तो गृहस्थ बराच वेळ गप्प बसला आणि मग एवढेच म्हणाला, “आठ महिने माझ्या शेजारी बसून जेवली ही, आणि मला दिसलं नाही.” भांडी अर्धीच घेतली गेली.

डिसेंबरात पहिला डोस, जानेवारीत दुसरा. आणि ठरल्या दिवशी लग्न झाले, साधेपणाने. केस गेलेल्या डोक्यावरून पदर घेऊन ती चर्चच्या पहिल्या बाकावर बसली होती. मार्चमध्ये शस्त्रक्रिया व पुढे तीन डोस झाले. तिची जनुक-तपासणी झाली आणि दोष आढळला. नवविवाहित मुलीनेही तपासून घेतले. तिच्यात तो नाही. तिच्या मामाने, त्या दिवशी दुकानात हंडे पाहणाऱ्या त्याच भावाने, आपली तपासणी करविली. त्याच्यात तो आहे, आणि त्याला दोन मुली आहेत. त्या वयात आल्या की त्यांनाही विचारले जाईल. आज ती भगिनी दर तीन महिन्यांनी तपासणीस जाते. रोग परतणार नाही, अशी हमी तिला कोणी दिलेली नाही, व आम्हीही देत नाही. पण गेल्या इस्टरला तिने नातवाला मांडीवर घेतले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

शुभवर्तमानातील ती बारा वर्षांची रक्तस्रावी स्त्री गर्दीतून पुढे आली आणि तिने प्रभूच्या वस्त्राला स्पर्श केला. तिने लाज सोडली आणि मग प्रभूने सर्वांसमोर तिला बोलते केले. आमच्या माताभगिनींनी तेवढेच करावे. घरात सर्वांच्या शेवटी जेवणारी बाई आजारातही शेवटी राहू नये. आणि बंधूंनो, आज रात्री जपमाळ संपल्यावर घरातील आईला, पत्नीला, आत्याला एकदा विचारा, “पोटाचे काही आहे का?” आणि ती “काही नाही” म्हणाली, तर आणखी एकदा विचारा.